पत्ते पिसायला पटकथाकार हवा

पोकर शिकायला पुस्तकं वाचत बसू नका. त्यांत संभाव्यतेची कोष्टकं असतात आणि लेखक पानोपानी एकच सांगतो: बहुतेक वेळा पत्ते टाकून द्या. हे काय शिकणं झालं? त्यापेक्षा सिनेमा बघा. नायकाने पत्ते टाकले आणि मग तासभर नुसता हाताची घडी घालून बसला, असं दृश्य कधी पाहिलंय? खऱ्या टेबलावर मुख्यतः तेच चालतं, म्हणून तर ते कुणी चित्रित करत नाही.

सुरुवात 2006 च्या 'कसिनो रोयाल'पासून करा. मूळ कादंबरीत बाँड बाकारा हा पत्त्यांचा वेगळाच खेळ खेळतो. पण सिनेमा आला तोवर सगळीकडे टेक्सास होल्डेमचं, म्हणजे हातातल्या दोन नि टेबलावरच्या सामाईक पत्त्यांतून जुळणी करायच्या पोकरचं, वेड पसरलं होतं, तेव्हा बाँडलाही तेच शिकावं लागलं. शेवटच्या डावात चौघे उरतात. पहिल्याकडे फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाचे पाच पत्ते. दुसऱ्याकडे त्याला हरवणारं फुल हाऊस, म्हणजे तीन सारखे नि वर एक जोडी. खलनायकाकडे त्याहून मोठं फुल हाऊस. आणि बाँडच्या हातात इस्पिकची पंजी नि सत्ती, म्हणजे टेबलावरच्या पत्त्यांसह थेट स्ट्रेट फ्लश, एकाच चिन्हाचे ओळीने पाच, सगळ्यांच्या वरचढ! पत्ते किती शहाण्यासारखे पडलेत बघा, अगदी मानधनाच्या चढत्या क्रमाने. असे पत्ते असले की जिंकायला बाँड लागत नाही, कुणीही चालतो. पण कोट बाँडला जास्त शोभतो.

समोरच्याचा चेहरा वाचण्याची विद्या 1998 च्या 'राउंडर्स'मधून उचला. त्यातल्या रशियन अड्डेवाल्याला चांगले पत्ते आले की तो क्रीमचं बिस्किट कानाशी नेऊन उकलतो आणि खातो. मॅट डेमन हे हेरतो आणि तुझी खूण मला कळली आहे, हे त्याला तोंडावर कळवतो! पोकरवर पोट असलेला माणूस अशी खूण मरेपर्यंत पोटात ठेवील. पण मग प्रेक्षकांना कसं कळणार? तेव्हा तुमच्या टेबलावर कुणी बिस्किट खाताना दिसला की लगेच पत्ते टाका. त्याला भूक लागली असेल, ही शंका मनात आणू नका.

हा सिनेमा तिकीटबारीवर यथातथाच चालला, पुढे घरोघरी पाहिला गेला. मग 2003 मध्ये ख्रिस मनीमेकर नावाचा हिशेबनीस ऑनलाइन पात्रता फेरीतून पोकरच्या जागतिक मालिकेत शिरला आणि 25 लाख डॉलर घेऊन बाहेर पडला. त्या वर्षी मुख्य स्पर्धेत 839 जण होते, 2006 मध्ये 8,773. हिशेबनीस जिंकतो म्हटल्यावर इतरांनी हिशेब करणंच सोडलं.

कुणी म्हणेल, नायक हरतो असेही सिनेमे आहेत, ते बघून तरी डोकं ठिकाणावर येईल. छे! ते तर आपल्या दृष्टीने जास्तच उपयोगी. 1965 च्या 'द सिनसिनाटी किड'मध्ये स्टीव्ह मॅक्वीनकडे एक्के आणि दश्श्यांचं फुल हाऊस असतं. समोरचा म्हातारा, म्हणजे एडवर्ड जी. रॉबिन्सन, सावकाश चौकटचा गुलाम उलटतो: स्ट्रेट फ्लश. पाच पत्त्यांच्या वाटपात ही जुळणी सरासरीने 64,974 वेळांतून एकदा येते. नायक धुऊन निघतो, पण मूर्ख दिसत नाही. नशीबच त्याला भेटायला जातीने आलेलं असतं. असं हरायला मिळणार असेल तर जिंकायचंय कुणाला?

तुम्ही मात्र बहुधा नव्वीची जोडी घेऊन दश्शीच्या जोडीपुढे हराल. मग पुन्हा हराल, थोडे-थोडे. दरम्यान जागेचा मालक डावातून आपला वाटा काढत राहील, कारण पत्ते कुणाचे चांगले याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. या वाट्याला क्लोज-अप मिळत नाही, तुम्हीही तिकडे बघू नका.

आणि घरी सांगताना नव्वी-दश्शीचं नाव काढू नका. समोर स्ट्रेट फ्लश होता म्हणा, आवाज खाली ठेवा, खिडकीबाहेर बघा. 'किती गेले?' हा प्रश्न यायच्या आत पडद्यावर श्रेयनामावली सुरू होते. तुमच्याकडे ती सोय नाही, तेव्हा तेवढा एक संवाद स्वतः लिहून ठेवा.