हबला पंच मारणं आता तरी थांबवा

तीन लाख किलोमीटर पळालेल्या पिकअपचं पुढचं चाक घरघरायला लागलं की निदान ठरलेलं असतं. "बेअरिंग गेलंय शेठ, तासाभरात टाकून देतो." आणि खरंच तासाभरात टाकून देतात. जुना कप, म्हणजे बेअरिंगचं बाहेरचं वलय, छिन्नीने उडवायचा, नवा हातोडीने ठोकायचा, तो सैल बसला की हबच्या (ज्यात बेअरिंगं बसतात आणि ज्याला चाक आवळतात त्या तुंब्याच्या) भोकात आतून सेंटर पंचचे, म्हणजे टोकदार छिन्नीचे, आठ-दहा ठोके द्यायचे, वरून बोटभर ग्रीस आणि नट अडवून ठेवणारा जुनाच स्प्लिट पिन सरळ करून परत. कांद्याचे दोन-तीन हंगाम जायच्या आत चाक पुन्हा घरघरतं. त्यावरही उत्तर तयार: "गाडी जुनी झाली आता."

गाडीचं काय घेऊन बसलात? हब मेलाय, आणि त्या मेलेल्या हबात नवी बेअरिंगं कोंबणं चाललंय.

हा पंच मारण्याचा प्रकार मुळात कुणी शोधून काढला देव जाणे, पण राज्यातल्या प्रत्येक हायवेवरच्या गॅरेजात तो विद्या म्हणून शिकवला जातो. टेपर बेअरिंगचा (निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचा) बाहेरचा कप हबमध्ये घट्ट बसतो तो मिलिमीटरच्या काही शतांश भागांच्या फरकावर. एकदा का तो हबमध्ये फिरला, की भोक मोठं होतं. मग पंच मारून धातूचे बारीक उंचवटे काढायचे आणि त्यावर कप अडकवायचा. म्हणजे पूर्ण गोलाईवर टेकायला हवा तो कप आता आठ-दहा टोकांवर टेकतो. दीड टन माल भरलेली गाडी खड्ड्यात आदळली की ती टोकं चपटी होतात, कप पुन्हा फिरतो, लोखंडाचा चुरा ग्रीसमध्ये मिसळतो आणि रोलर तोच चुरा दळत बसतात. शिवाय टोकांवर बसलेला कप पूर्ण गोल राहत नाही, त्यामुळे सगळा भार दोन-तीन जागीच येतो. कपची उष्णता हबच्या अंगात जायला हवी, तीही जात नाही. काही हुशार लोक पंचऐवजी बेअरिंग चिकटवायचं द्रावण वापरतात. ते निदान पंचपेक्षा बरं, रस्त्यात अडकलात तर घरापर्यंत या त्यावर. पण ब्रेकने तापणाऱ्या पुढच्या हबात त्याच्या भरवशावर रोज माल वाहायचा, याला दुरुस्ती म्हणायचं का?

कप बोटाच्या दाबाने आत जात असेल तर हब बदला. विषय संपला. आणि हे काम घराच्या अंगणात होतं. टेपर रोलर बेअरिंगचं पेटंट हेन्री टिमकेनने 1898 साली घेतलं. सव्वाशे वर्षांत त्यात मंत्र-तंत्र काही शिल्लक नाही, पण लोक अजून असं वागतात की जणू यात फक्त मिस्त्रीलाच कळतं.

त्याआधी घरघर नक्की कशाची ते बघा, कारण निम्म्या वेळा निदानच चुकीचं असतं. पुढचं चाक उचला, टायर वर आणि खाली धरून हलवा. हललं? आता कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, गायब झाला तर बेअरिंगचा, तसाच राहिला तर चाक ज्यावर वळतं त्या किंग पिनचा किंवा बॉल जॉइंटचा. डावीकडे-उजवीकडे धरून हलवल्यावरच प्ले जाणवत असेल तर आधी स्टिअरिंगच्या टाय रॉडचे एंड तपासा. ही दोन मिनिटांची परीक्षा न करता "दोन्ही बेअरिंग टाकूया" म्हणणाऱ्याच्या हातात गाडी देऊच नका. चालत्या गाडीत उजवीकडे वळताना आवाज वाढला तर बहुधा डावं बेअरिंग, कारण वळताना भार बाहेरच्या बाजूला जातो. टायर उंच-सखल झिजला असेल तर तोही असाच घरघरतो, म्हणून टायर अदलाबदल करून बघा.

आता काउंटरवरचं दुःख. "पुढचा हब सेट द्या" म्हटलं की समोर येतो नुसता हब. कप नाहीत, स्टड (चाकाचे नट ज्यावर बसतात ते बोल्ट) नाहीत, ग्रीस आत ठेवणारं सील नाही. परत जाऊन मागितलं की बेअरिंग मिळतं, पण सील "संपलंय, जुनंच चालतं". चालत नाही! सीलची ओठपट्टी काढतानाच फाटते. तेव्हा चिठ्ठी लिहूनच जा. दोन्ही बाजूंचे मिळून दोन हब, आतली मोठी बेअरिंग दोन, बाहेरची छोटी दोन, चारही कप-कोन (कोन म्हणजे रोलरसकट आतलं वलय) जोडीने, ऑइल सील दोन, जिभेचे वॉशर दोन, स्प्लिट पिन दोन, ग्रीसच्या टोप्या दोन आणि व्हील स्टड पूर्ण. नवा कोन जुन्या कपात बसवायचा नाही. "कप चांगला दिसतोय" हे काउंटरवाल्याचं किंवा मिस्त्रीचं मत मोजू नका, कपवरचा बारीक चट्टा नव्या रोलरला पहिल्या दिवसापासून ठोकतो.

नंबर जुन्या बेअरिंगवरून वाचा, मॉडेलचं नाव सांगून मागू नका. 30206 आणि 32006, दोन्हींचं भोक 30 मिलिमीटर. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की भोक मिळतं, इतकं साधं आहे. पण पहिल्याचा बाहेरचा व्यास 62 आणि दुसऱ्याचा 55. "दोन्ही सेमच आहेत" म्हणून हातात काहीही ठेवणारे दुकानदार आहेत, आणि ते आढळतं कधी, तर गाडी घोड्यावर (लोखंडी स्टँडवर) चढवल्यावर, रविवारी संध्याकाळी, दुकान बंद झाल्यावर. इंचातल्या बेअरिंगांना कप आणि कोन यांचे नंबर वेगळे असतात, तिथे दोन्ही जुळवा.

आणि डुप्लिकेट! चिंचवडला एसकेएफचा कारखाना आहे, इथेच चांगली बेअरिंगं बनतात, तरीही बाजारात "फर्स्ट कॉपी" राजरोस विकली जाते. खोक्याची छपाई बघून फसू नका, छपाई हल्ली खऱ्याहून चकचकीत असते. एसकेएफचं ऑथेंटिकेट आणि शेफलरचं ओरिजिनचेक ही ॲप आहेत, मोबाईलमध्ये घाला, दुकानातच तपासा आणि पक्कं बिल मागा. बिल म्हटल्यावर ज्याचा चेहरा उतरतो त्याचं बेअरिंग तिथेच ठेवा.

उघडताना घाई करू नका. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, गाडी गिअरमध्ये, जॅकवर भरवसा न ठेवता खाली घोडा. कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) काढून तारेने टांगा, ब्रेकच्या पाइपावर लोंबकळत सोडू नका. टोपी, पिन, नट, वॉशर, बाहेरचं बेअरिंग निघालं की हब ब्रेक डिस्कसकट बाहेर येतो. स्टब एक्सल, म्हणजे हब ज्यावर फिरतो तो दांडा, रॉकेलने धुऊन हात फिरवा. कोनाच्या आतल्या वलयाच्या हलक्या खुणा चालतात. नखाला अडकणारी खाच, निळा पडलेला पट्टा किंवा सीलच्या जागेवर कोरली गेलेली रेघ चालत नाही. तिथे नवा हब बसवूनही पैसे वाया. हे बघायला कुणाला वेळ नसतो, म्हणून सांगतोय.

डिस्क नव्या हबवर चढवण्याआधी दोन्ही तोंडं वायर ब्रशने घासा. मधे गंजाचा एक पापुद्रा राहिला की डिस्क वाकडी फिरते, आणि डायल गेजवर (बारीक हालचाल मोजायच्या घड्याळावर) फरक 0.1 मिलिमीटरच्या पुढे गेला की ब्रेक दाबताना पायाखाली थरथर येते. मग ऐकायला मिळतं, "नवा हबच खराब निघाला."

कप बसवताना हातोडीने कडेवर मारणाऱ्याचे हात बांधावेत. कप रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, हब उकळत्या पाण्याने तापवून कोरडा पुसा. जुन्या कपाला ग्राइंडरने एक चीर द्या आणि तोच उलटा धरून नव्यावर ठोकायला वापरा, चीर असल्याने तो आत अडकत नाही. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, बद्द होता तो खणखणीत येतो. खाली 0.05 मिलिमीटरची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) जात असेल तर टेकलेला नाही. तो अर्धवट राहिला तर पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये खाली बसतो आणि तुमची सगळी ॲडजस्टमेंट सैल होते.

ग्रीस. इथे तर सगळी अंधश्रद्धाच. एक गट म्हणतो हब गच्च भरा, दुसरा म्हणतो बेअरिंगला वरून फासा. दोन्ही चूक. रोलर आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या पिंजऱ्याच्या मधल्या पोकळीत ग्रीस तळव्यावर घेऊन, कोनाची रुंद बाजू त्यात दाबत दाबत, दुसऱ्या टोकाने ते बाहेर येईपर्यंत भरायचं. कपवर पातळ थर. हबच्या पोटात साधारण तिसरा हिस्सा, फार तर अर्धा. गच्च भरलेल्या हबात ग्रीस घुसळलं जातं, तापतं, पातळ होतं आणि सील ओलांडून थेट ब्रेक पॅडवर येतं. ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स घ्या, घट्टपणाचा एनएलजीआय नंबर 2 किंवा 3. ते अडीचशे अंशांच्या आसपास जाऊन थेंब सोडतं. साधं कॅल्शियमचं चेसिस ग्रीस शंभराच्या आसपासच वितळतं. माळशेज किंवा आंबेनळी घाट उतरून आल्यावर हबचं काय होत असेल, विचार करा! आणि जुन्या ग्रीसवर नवं थापू नका, जातीच वेगळ्या असतील तर दोन्ही मिळून ताकासारखं पाणी सोडतात.

बेअरिंग धुऊन कॉम्प्रेसरच्या हवेवर शिट्टी वाजेपर्यंत फिरवणाऱ्या पोरांना कुणीतरी आवरा. कोरडं बेअरिंग तसं फिरवलं की रोलर ओरबाडले जातात, पिंजरा फुटला तर डोळा जातो.

आता नट. "टाइट कर, हलता कामा नये!" या एका वाक्याने जितके हब जळाले तितके खड्ड्यांनीही जळाले नसतील. टेपर बेअरिंगला किंचित मोकळीक लागते, कारण तापल्यावर सगळं फुगतं. चाक हाताने फिरवत फिरवत नट 25 ते 30 न्यूटन-मीटरपर्यंत आवळा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. टॉर्क रेंच नसेल तर 25 सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला दहा किलोच्या आसपासची ओढ. मग नट पाव फेरा मोकळा करा आणि परत फक्त बोटांनी टेकवा. पिनचं भोक जुळत नसेल तर नट सोडून जुळवा, आवळून नाही. हब पुढे-मागे ओढून डायल गेजवर 0.03 ते 0.12 मिलिमीटर हलला पाहिजे. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा किंवा स्प्रिंगच्या काट्याने ओढून मोजायचा प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब) दिला असेल तर तोच पाळा. फोर बाय फोरमध्ये दोन नट आणि मधे लॉक वॉशर असेल, तर बाहेरचा नट आवळल्यावर प्ले पुन्हा मोजा, तो बदलतो. स्प्लिट पिन नवाच. चार-पाच रुपयांच्या पिनेवर चाक टिकून असतं आणि तिथे काटकसर सुचते!

एवढं करून गाडीवाला काय करतो? बाहेर निघालेल्या रुंद डिस्का (चाकाच्या रिम) बसवतो, कारण त्या "भारी दिसतात". चाक बाहेर सरकलं की भार बाहेरच्या छोट्या बेअरिंगवर जातो, जे त्यासाठी बनलेलंच नाही. मग वर माल. रोलर बेअरिंगवरचा भार सव्वापट झाला की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं, दीडपट झाला की चौथाईवर आणि दुप्पट झाला की दहाव्या हिश्श्यावर. हे गणित आहे, त्यात मोंढ्यातला आडतदार काय म्हणतो याला किंमत नाही.

वर्कशॉपात हौद्याला पत्रा वेल्ड करताना अर्थची क्लिप कुठे लावलीय तेही बघा. हौद्याला काम आणि क्लिप पुढच्या चाकाच्या नटाला, म्हणजे करंट बेअरिंगमधूनच जाणार आणि रोलरवर बारीक खड्डे पडणार. क्लिप वेल्डिंगच्या जागेशेजारीच हवी. आणि घाट उतरून तापलेला हब तसाच वॉशिंग सेंटरच्या फवाऱ्याखाली धरू नका. आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठातून पाणी आत ओढलं जातं. अर्धा तास उभी करा, मग धुवा, आणि बंदूक थेट सीलवर नको.

पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर थांबून दोन्ही हबना हात लावा. दोन्ही सारखेच कोमट असले पाहिजेत. एकाला हात ठेववत नसेल तर कॅलिपर अडकलाय का बघा, नसेल तर नट जास्त आवळलाय. शंभर किलोमीटरवर प्ले पुन्हा तपासा आणि चाकाचे नट टॉर्क रेंचने पाहा, टायरवाल्याच्या हवेच्या बंदुकीने नाही. ती बंदूक नवे स्टड ताणून ठेवते, आणि पुढच्या पंक्चरला रस्त्यावर स्टड तुटला की तोच टायरवाला म्हणणार, "हब बदलताना हलक्या प्रतीचे स्टड टाकलेत कुणीतरी."