ओमाहावरचे तरंगते रणगाडे सगळेच बुडाले का?

‘दुसऱ्या महायुद्धात ६ जून १९४४ ला फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर उतरताना तरंगते शर्मन रणगाडे झाडून सगळे बुडाले, कल्पनाच फसवी होती’ असं फिरतंय. अर्धंच खरं. अमेरिकेच्या ७४१व्या रणगाडा बटालियनने किनाऱ्यापासून सुमारे ५ किलोमीटरवर २९ रणगाडे पाण्यात सोडले; २७ बुडाले. ७४३व्या बटालियनचे रणगाडे मात्र त्यांना वाहून आणणाऱ्या बोटींनी थेट किनाऱ्यापर्यंत नेले. त्याच दिवशी यूटा या दुसऱ्या किनाऱ्यावर तर ३२ पैकी २८ पोहोचले.

दोष समुद्राचा आणि सोडण्याच्या निर्णयाचा. रणगाड्याभोवती कॅनव्हासची भिंत, ती उभी धरायला हवा भरलेल्या ३६ रबरी नळ्या, मागे पाण्यात ढकलणारे दोन पंखे. पाण्यावर कापड जेमतेम ३ फूट. फूटभर लाटांसाठीची ही सोय. त्या दिवशी लाटा ६ फुटांपर्यंत होत्या. आडवी लाट बसली की टेकू मोडायचे, कापड आत दुमडायचं आणि ३० टनांचं धूड गडप!