बेट राखायचं, पण कुणाला सोबत घेऊन?

मालवणच्या सागरी अभयारण्याचा विषय निघाला की गावाकडचे मित्र हमखास न्यूझीलंडचा दाखला देतात. तुमच्याकडे बेटंच्या बेटं राखीव, तिथे माणसाला पाय ठेवू देत नाहीत, म्हणून पक्षी टिकले. आपल्याकडे लोकच आडवे येतात. मी ऑकलंडला राहतो आणि हे अर्धंच चित्र मला फार खटकतं.

ऑकलंडजवळच्या हाउराकी आखातात टिरिटिरी माटांगी हे जेमतेम 220 हेक्टरचं बेट आहे. 1971पर्यंत तिथे शेती होती, गुरं-मेंढ्या चरायच्या; मूळचं जंगल जवळजवळ संपलेलं. मग 1984 ते 1994 या काळात शहरातल्या सामान्य माणसांनी बोटीने जाऊन तिथे अडीच लाखांहून जास्त झाडं लावली. 1993 साली उंदीर संपवले आणि दुर्मीळ पक्षी एकेक करून आणून सोडले. आज हे वैज्ञानिक राखीव क्षेत्र आहे आणि तरीही लोकांना खुलं आहे. जाण्याआधी बॅग तपासायची, बुटांच्या तळाची माती घासून काढायची, कचरा परत न्यायचा, अशा साध्या अटी. आपल्या मायबापांनी लावलेल्या झाडांखाली उभी राहणारी मुलं तिथे भेटतात. या माणसांना बेटाची राखण करायला कुणी सांगावं लागत नाही.

मित्र सांगतात तसं बंद बेटही आहे. हाउटुरू. परवान्याशिवाय तिथे उतरता येत नाही. हिही नावाचा छोटा पक्षी मुख्य भूमीवरून नाहीसा झाला तेव्हा फक्त या एका बेटावर जगला, आणि टिरिटिरीवरचे हिही तिथूनच आणलेले. म्हणजे बंदीचा उपयोग झाला, हे खरंच. पण त्यासाठी 1894 साली सरकारने कायदा करून बेट ताब्यात घेतलं आणि 1896 साली तिथल्या माओरी कुटुंबांना जबरदस्तीने बाहेर काढलं. तो अन्याय मिटवायला शंभरावर वर्षं लागली. अलीकडच्या तडजोडीत बेट न्गाती मानुहिरी या माओरी समूहाला परत मिळालं, आणि लहानसा तुकडा स्वतःकडे ठेवून त्यांनी ते राखीव क्षेत्र म्हणून देशाला भेट दिलं. त्यांचा हा मोठेपणा मला थक्क करतो. पण दुसऱ्या देशाने त्यातून ‘आधी हाकला, मग बघू’ असा धडा घ्यावा, हे मला मान्य नाही.

मालवणचं अभयारण्य 1987 साली जाहीर झालं. साधारण 29 चौरस किलोमीटर, त्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या भोवतीचा गाभा. पाण्याखाली प्रवाळ आहे, ते राखलंच पाहिजे. पण ज्या गाबीत या मच्छीमार समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची रापण, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, याच किनाऱ्यावर ओढली जाते, त्याच्या मनात पहिल्या दिवसापासून एकच भीती बसली: मासेमारी बंद होणार. सागरी अभयारण्याची हद्द ठरवताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाच्या रक्षणासाठी पुरेसे उपाय करावेत, असं आपला वन्यजीव संरक्षण कायदाच सांगतो. ते उपाय लोकांना दिसले नाहीत, तर त्यांचा विरोध अडाणीपणाचा कसा ठरतो?

रापणकरांशीही मला एक गोष्ट बोलायची आहे. त्यांची खरी लढाई पर्ससीनच्या, म्हणजे अख्खा थवा घेरणारं यांत्रिक जाळं टाकणाऱ्या, आणि रात्री प्रखर एलईडी दिव्यांनी मासे ओढून घेणाऱ्या नौकांशी आहे. पर्ससीनवर राज्य सरकारने 2016 साली निर्बंध आणले, तरी हा झगडा संपलेला नाही. नीट आखलेलं अभयारण्य या लढाईत त्यांच्या बाजूचं हत्यार होऊ शकतं. मोठी जाळी हद्दीबाहेर, रापण आणि छोटी होडी आत, असं लेखी मिळालं तर राखणीला सगळ्यात आधी तेच उभे राहतील. रात्री कुठे कुणाची बत्ती लागली, हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही.

इकडे तरी सगळं सुटलंय असं नाही. हाउराकी आखाताच्या पाण्यात मासेमारी कुठे बंद ठेवायची, यावर वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत. जमिनीवरचे पक्षी सावरले, पण आखातातले शेवंडे (लॉबस्टर) इतके घटले आहेत की ते ज्यांना खातात त्या सागरी साळू, म्हणजे काटेरी गोळ्यांसारखे समुद्रजीव, वाढल्या; त्यांनी समुद्रवनस्पती खाऊन काही ठिकाणी कुरणं ओस पाडली आहेत. समुद्राचा प्रश्न बेटापेक्षा कठीण आहे, मालवणला आणि इथेही.

म्हणून न्यूझीलंडचा दाखला द्यायचाच तर टिरिटिरीचा द्या. आणि दांडी, सर्जेकोट, देवबागच्या माणसांना नकाशासमोर बसवून आधी रापणीच्या जागा त्यांच्याच हाताने आखून घ्या. प्रवाळाची हद्द त्यानंतर ठरवा, आणि गस्तीच्या होडीवरची नोकरी त्यांच्याच मुलांना द्या.