पैसे बँकेत आले म्हणजे उत्पन्न झालं का? तासगावच्या वाचकांना उत्तर

दादा, नमस्कार. वर्षाची वर्गणी आली त्याच दिवशी सगळी उत्पन्नात धरू नका, असं सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय: "आम्ही ३०० द्राक्ष बागायतदारांना बागेतलं हवामान मोजणारं यंत्र आणि वर्षभराचा सल्ला देतो, जीएसटी सोडून प्रत्येकी १२,००० रुपये. पैसे आले, बिल फाडलं, जीएसटी भरला. मग ते उत्पन्न नाही तर काय? हिशेबाचं नवं मानक मोठ्या कंपन्यांचं, आमच्या भागीदारी फर्मला त्याची भीती कशाला? सीए लोक नफा दडवायची वाट दाखवतात, आणि जीएसटीत एक आकडा, ताळेबंदात दुसरा, म्हणून नोटीस आली की निस्तरायचं आम्ही."

भीतीचा मुद्दा मला मान्य आहे. इंड एएस ११५, म्हणजे ग्राहकाकडून आलेले पैसे उत्पन्नात कधी धरायचे हे सांगणारं ते नवं मानक, १ एप्रिल २०१८ पासून लागू झालं, पण ते कंपन्यांसाठी आहे, आणि त्यांतही साधारणपणे शेअर बाजारात नोंदलेल्या किंवा २५० कोटींच्या वर नेटवर्थ (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम) असलेल्यांसाठी. तुमची फर्म त्यात बसत नाही. लेखात हे पहिल्याच परिच्छेदात यायला हवं होतं. ते राहिलं, ती चूक माझी.

पण म्हणून तुमची सवय बरोबर ठरत नाही. तुम्हाला लागू असलेलं एएस ९ हे उत्पन्नाच्या नोंदीचंच, पण १९८५ चं जुनं मानक. त्याच्या परिशिष्टात नियतकालिकांच्या वर्गणीचं उदाहरण आहे: आगाऊ आलेली रक्कम पुढे ढकला आणि मुदतीभर समान वाटा, किंवा दर खेपेला दिल्या जाणाऱ्या वस्तूची किंमत वेगळी असेल तर त्या प्रमाणात घ्या. शिकवणीच्या फीचंही तसंच, शिकवण्याच्या काळात. वर्षाची सेवा विकली तर ती महिन्या-महिन्याने कमावली जाते, हे २०१८ च्या आधीही तसंच होतं. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, व्यापाऱ्याची हळद ठेवून घेणारा ती आपल्या मालात धरत नसे. तुमच्या खात्यात ऑक्टोबरला आलेल्या वर्गणीचा मोठा भाग तसाच ठेवीतला आहे. बागायतदाराने पुढच्या सप्टेंबरपर्यंतचा सल्ला तुमच्याकडे ठेव म्हणून दिलाय.

आता तुमचेच आकडे घेऊ. ३०० जणांचे मिळून ३६ लाख. फळछाटणीच्या तोंडावर, म्हणजे १ ऑक्टोबरपासून वर्ष सुरू झालं असं धरतो. ३१ मार्चला सहा महिने झाले, सहा राहिले. प्रश्न असा, की ३१ मार्चला यातलं किती कमावलं?

इथे आधी यंत्राचा निकाल लावावा लागतो, आणि नव्या मानकाचा मला खरा उपयोग इथेच दिसतो. एएस ९ मध्ये वस्तू आणि सेवा एकत्र विकल्यावर पैसे कसे वाटायचे याचं फारसं मार्गदर्शन नाही. इंड एएस ११५ सरळ विचारतं: बागेत लावलेलं यंत्र तुमच्या सल्ल्याशिवाय ग्राहकाच्या कामाचं आहे का? तापमान, आर्द्रता, पानांचा ओलावा ते स्वतःच्या पडद्यावर दाखवत असेल आणि वर्गणी संपल्यावरही बागायतदार ते बघून फवारणी ठरवू शकत असेल, तर यंत्र ही वेगळी विक्री. पण वर्गणी संपली की यंत्र मुकं होत असेल, आकडे फक्त तुमच्या ॲपमधूनच दिसत असतील, तर यंत्र आणि सल्ला मिळून एकच सेवा. मग पूर्ण १२,००० बारा महिन्यांत वाटायचे.

समजा यंत्र वेगळं आहे. बाजारात तेच यंत्र ६,००० ला मिळतं आणि नुसता सल्ला तुम्ही ९,००० ला विकता. दोन्ही मिळून १५,०००, तुम्ही घेता १२,०००. सवलत एकट्या यंत्राच्या किंवा एकट्या सल्ल्याच्या माथी मारायची नाही, दोन्हींवर प्रमाणात बसवायची. यंत्राला ४,८००, सल्ल्याला ७,२००. यंत्र हातात दिलं त्या दिवशी ४,८०० कमावले. सल्ल्याचे महिन्याला ६००, मार्चअखेर ३,६००. एका ग्राहकामागे ८,४०० उत्पन्न, ३,६०० बाकी. ३०० जणांचे २५ लाख २० हजार उत्पन्न आणि १० लाख ८० हजार देणं. टॅलीत 'आगाऊ जमा वर्गणी' असं खातं देण्यांखाली उघडा आणि महिन्याच्या शेवटी एक जर्नल नोंद टाका, दहा मिनिटांचं काम.

हे नफा दडवणं नव्हे. ते १० लाख ८० हजार एप्रिल ते सप्टेंबर उत्पन्नात येतातच, आणि त्याच महिन्यांत तुमच्या माणसांचे पगार आणि पेट्रोल खर्ची पडतं. आयकराच्या बाजूने आयसीडीएस ४, म्हणजे करासाठी उत्पन्न मोजायचं मानक, आहे. ठरावीक मुदतीत अनेक छोट्या कामांनी दिली जाणारी सेवा मुदतीभर समान धरायला त्यात जागा आहे. फर्म व्यापारी पद्धतीने (पैसे आले-गेले तेव्हा नव्हे, तर कमावले किंवा देणं झालं तेव्हा नोंद) हिशेब ठेवत असेल तर ते तुम्हालाही लागू पडतं.

नोटिशीचं. जीएसटी वेगळा प्रश्न विचारतो. सेवेच्या बाबतीत बिल किंवा पैसे, यातलं जे आधी, तेव्हा कर. मालाच्या आगाऊ रकमेवर नोव्हेंबर २०१७ पासून तो लागत नाही, सेवेच्या लागतो. त्यामुळे जीएसटीत ३६ लाख आणि नफा-तोट्यात २५ लाख २० हजार हे दोन्ही आकडे खरे आहेत. फरक १० लाख ८० हजार, आणि तो आगाऊ खात्याच्या बाकीशी पैशापर्यंत जुळतो. वर्षअखेरीला एक पानाचा जुळणीतक्ता सही करून फाईलला लावून ठेवा. नोटीस आली तर उत्तर त्या पानावर असेल.

आता मी हे इतकं लावून का धरतो ते सांगतो. मिरज तालुक्यातली एक फर्म, तुमच्यासारखाच धंदा, माझ्याकडे हिशेबाला होती. पैसे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आले, सगळे विक्रीत टाकले, मार्चला नफा भरघोस दिसला. भागीदारांनी उचल केली, एक गाडी आली. मे महिन्यात मी त्यांच्या ऑफिसात बसलो होतो. टेबलावरचा फोन वाजला, कवठेमहांकाळकडचा बागायतदार. "खरडछाटणी होऊन महिना झाला, सबकेन आता करू का थांबू? माणूस येणार होता तुमचा." सबकेन म्हणजे काडीचा शेंडा खुडून उपकाडी काढणं, त्याची वेळ चुकवून चालत नाही. माणूस येणार नव्हता, कारण दोन महिने पगार नसल्याने तो काम सोडून गेला होता. खात्यात पैसा नव्हता, आणि चार-पाच महिन्यांचा सल्ला द्यायचा बाकी होता. ते देणं ताळेबंदात कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांचे हिशेब त्या वर्षी मीच लिहिले होते आणि विक्रीचा आकडा विचारला नव्हता. ही गोष्ट मला आजही बोचते.

दलालीबद्दल थोडक्यात. कृषी सेवा केंद्राला गिऱ्हाईक आणल्याबद्दल जे देता, ते नवं मानक मुदतीभर वाटायला सांगतं, पण मुदत एक वर्षापर्यंत असेल तर लगेच खर्चात टाकायची मुभाही देतं. तुम्ही लगेच टाकता, त्याला माझी हरकत नाही.

एक गोष्ट तुमच्याकडूनच कळायला हवी. महिन्याला ६०० हा हिशेब रोजच्या मेसेजसाठी, फोनसाठी ठीक आहे, कारण ती सेवा बारा महिने उभी असते. पण पावतीवर 'वर्षात आठ बागभेटी' असं लिहिलं असेल आणि त्यातल्या सहा ऑक्टोबर ते जानेवारीत होत असतील, तर भेटींचा वाटा झालेल्या भेटी मोजून घ्यावा लागेल, आणि मार्चअखेरचं देणं १० लाख ८० हजारांपेक्षा कमी निघेल. पावतीवरचा मजकूर जसाच्या तसा इथे लिहा. यंत्र वर्गणी संपल्यावर चालतं का तेही कळवा. मग तुमच्या फर्मचा तक्ता मी इथेच मांडून दाखवतो.