नांगर, हँगर आणि एक गाय

झुरिकला आल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ऑफिसातला जो तो मला एकच विचारायचा, ‘स्की करतोस ना?’ आपल्याकडे ‘जेवलास का?’ विचारतात, त्या सुरात. नाही म्हटलं की समोरचा क्षणभर गप्प व्हायचा आणि मग घरी काही वाईट घडलेल्या माणसाशी बोलावं तसं म्हणायचा, ‘असू दे, शिकशील.’ मी कोरेगाव तालुक्यातला. आमच्याकडे बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा आणि घसरणं म्हणजे पावसाळ्यात शेवाळलेल्या न्हाणीतलं. या दोन गोष्टी एकत्र करायच्या, त्याही डोंगरावर जाऊन आणि वर पैसे मोजून, हे काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं. तरी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी गेलो. नाही म्हणायची लाज वाटते म्हणून माणूस लग्नाच्या वरातीत नाचतोसुद्धा.

गेलो एंगेलबर्गला. ल्युसर्नहून छोटी गाडी निघते, शेवटी दातेरी रुळांना धरून चढते आणि पाऊण तासात हजार मीटर उंचीवरच्या गावात सोडते. गावात ११२० सालचा बेनेडिक्टाइन मठ आहे आणि डोक्यावर ३,२३८ मीटरचा टिटलिस. मठाकडे पाहून मी मनातल्या मनात हात जोडले. देव परका असला तरी प्रसंग ओळखीचा होता.

पहिली परीक्षा भाड्याच्या दुकानात. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, ‘वय? उंची? वजन?’ मागे पंधरा माणसांची रांग, त्यात ऑफिसातल्या दोघी. माझं वजन चौऱ्याऐंशी. मी शहात्तर सांगितलं. त्याने एकदा माझ्या पोटाकडे पाहिलं, एकदा तोंडाकडे, आणि निमूटपणे स्क्रू ड्रायव्हर फिरवला. स्की म्हणजे पायाखालची लांब फळी; तिला बुटाशी धरून ठेवणारी जी खिटी असते, ती किती जोर बसला की सुटायची, हे वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि तुमची तयारी यांवरून ठरवतात. जास्त घट्ट केली तर पडताना स्की सुटत नाही, पाय मोडतो. सैल केली तर पडायची वेळ येण्याआधीच स्की तुम्हाला सोडून निघून जाते. हे शास्त्र मला संध्याकाळी समजलं. शिंप्याकडे कमरेचं माप सांगताना आपण दोन इंच खातो, त्याने फक्त पँट बिघडते.

मग बूट. स्कीचा बूट हा पादत्राणांतला प्रकार नव्हे, तो प्लास्टरचा प्रकार आहे. पाय आत जाईपर्यंत दुकानातला पोऱ्या माझ्या नडगीशी बैल बांधल्यासारखा झटत होता. वर चार खटके. ते लावले की घोटा नावाचा अवयव संपतो. माणूस कायम गुडघे वाकवून, पुढे झुकून उभा राहतो. कर्ज मागायला आल्यासारखा. चालताना आधी टाच, मग दाणकन पंजा. आल्प्समधल्या हॉटेलांची स्वच्छतागृहं तळघरात का असतात, हा प्रश्न मी कुणाला तरी विचारणार होतो. पण त्या बुटांत, एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने खांद्यावरून सुटलेला पँटचा पट्टा धरून सोळा दगडी पायऱ्या उतरताना माणूस प्रश्न विचारत नाही, नाव घेतो.

गावातून गेर्श्नीआल्पला रुळांवरून तिरकी चढणारी गाडी जाते, १९१३ पासूनची. वर शिकाऊ लोकांसाठी एक उतार राखून ठेवलेला. बरोबरचे सहकारी ‘तू इथे शीक, आम्ही वर जाऊन येतो’ म्हणून वरच्या लाल वाटांकडे गेले. इथे निळी वाट सोपी, लाल मधली, काळी अवघड. मी होतो तिथे रंगच नव्हता.

शिकवायला विशीतली एक हसरी मुलगी. वर्गात मी, एक डच बाई आणि पाच-सहा वर्षांची चार पोरं. पहिला धडा थांबण्याचा. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, गुडघे आत. पोरांना तिने सांगितलं, ‘पिझ्झा करा!’ मला मोठा समजून खरा जर्मन शब्द सांगितला : फ्लूग. म्हणजे नांगर. मी क्षणभर बघतच राहिलो. पणजोबांनी नांगर धरला, आजोबांनी धरला. अण्णांनी सहकारी बँकेत नोकरी धरली ती या घराचा नांगर सुटावा म्हणून. आणि मी सात समुद्र ओलांडून, दिवसाचे पैसे आगाऊ भरून, पुन्हा नांगरच. तोही जमेना. पोरांचे पिझ्झे टपाटप थांबत होते, माझा नांगर बैलांसकट पळाला.

पडण्याबद्दल काही विशेष सांगण्यासारखं नाही. पडणं सोपं आहे. उठणं हा खरा खेळ. दोन्ही स्की उताराला आडव्या लावून मग उठायचं, नाहीतर अर्धवट उठल्या अवस्थेतच प्रवास पुन्हा सुरू होतो. मी तीन वेळा असा बसल्या-बसल्या, गणपती विसर्जनाला निघाल्यासारखा, शांतपणे खाली गेलो. त्यात त्या आठ किलोंचा हिशोब चुकता होत होता. जरा तोल गेला की डावी स्की खटकन सुटायची आणि माझ्या पुढे धावायची. पाच वर्षांचा एक पोरगा दर वेळी ती आणून द्यायचा. चौथ्या वेळी त्याने माझ्याकडे पाहून जी मान हलवली, तशी मान आमच्याकडे फक्त गणिताचे मास्तर हलवतात.

आणि लिफ्ट! माझ्या डोळ्यांसमोर खुर्ची होती. निघाला फिरत्या दोरीला लटकलेला, उलट्या टी-अक्षरासारखा एक दांडा. तो दोघांच्या बुडाखाली येतो आणि उभ्या-उभ्या वर ओढत नेतो. त्याला म्हणतात ब्युगेल; कपडे अडकवायच्या हँगरलाही इथे हाच शब्द. त्यावर बसायचं नाही, फक्त टेकायचं. पण आपल्या संस्कृतीत बुडाखाली काही आलं की बसतात. मी बसलो. दोरी ढिली पडली, मी पडलो, मागची रांग थांबली, लिफ्ट थांबली. दुसऱ्या खेपेला जोडीला वर्गातलीच एक सहा वर्षांची मुलगी दिली. दांडा एकच, उंच्या दोन. तिच्या बाजूला तो पाठीला लागला होता, माझ्या बाजूला गुडघ्याच्या मागे. आम्ही दोघं काही न बोलता अर्ध्या डोंगरापर्यंत गेलो. मग ती अगदी नम्रपणे म्हणाली, ‘कृपया हलू नका.’

दुपारी सहकारी खाली आले. त्यांतल्या एकाने त्या उताराला जर्मनमध्ये काय म्हणतात ते हसत-हसत सांगितलं. ते पुढे येईलच. मग माझा एक फोटो काढला. हेल्मेट, गॉगल, हातात काठ्या, मागे टिटलिसचं लखलखतं शिखर. उतार चौकटीत नव्हता. तो मी घरी अण्णांना पाठवला. खाली एक शब्द लिहिला नाही, हे आधी नमूद करतो. नातेवाइकांच्या ग्रुपवर तो अण्णांनी टाकला, बँकेच्या अहवालातल्या मराठीत : ‘चिरंजीव आल्प्सच्या शिखरावर.’ बावीस अंगठे आले. गोठा सांभाळणाऱ्या धाकट्या काकांनी लिहिलं, ‘जपून रे.’ मी खुलासा करणार होतो, पण त्या दिवशी हातही वर होत नव्हते.

जूनमध्ये आई-अण्णा आले. विमानतळावरच अण्णा म्हणाले, ‘तो डोंगर बघायचाय.’

आधी टिटलिसच दाखवला, वेळ निघून जावा म्हणून. वरच्या टप्प्याला फिरत-फिरत जाणारी गोल गाडी आहे, १९९२ पासूनची; अशी ती जगातली पहिली. आईने पूर्ण फेरीभर डोळे मिटून अथर्वशीर्ष म्हटलं, त्यामुळे तिला ती फिरल्याचं कळलंच नाही. तीन हजार मीटरवर जूनमध्येही बर्फ. साडी, त्यावर स्वेटर, त्यावर माझं जाकीट, पायात स्पोर्ट्स शूज अशी आई अर्ध्या तासात डोंबिवलीच्या एका सहलीत मिसळून गेली आणि शेंगदाण्याची चटणी वाटून आली. हिमनदीच्या एका भागावर पांढरं जाड कापड पसरलं होतं. ‘बर्फाला गोधडी?’ आई म्हणाली. बर्फ वितळू नये म्हणून उन्हाळ्यात झाकतात, असं मी सांगायला लागलो, तोच अण्णा म्हणाले, ‘त्यात काय? कोरेगावच्या बर्फवाल्याची लादी आठव. भुसा आणि गोणपाट.’ मी पुढची तीन वाक्यं गिळली.

हिवाळी पर्यटन मुळात नंतरचं. त्याआधी परदेशी लोक आल्प्समध्ये उन्हाळ्यातच यायचे. सेंट मॉरिट्झच्या योहानेस बाद्रुट या हॉटेलवाल्याने १८६४ मध्ये इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली म्हणतात : हिवाळ्यात येऊन बघा, आवडलं नाही तर प्रवासखर्च माझा. ही गोष्ट मी अण्णांना लांबण लावून सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि विचारलं, ‘तो डोंगर कुठंय?’

गेर्श्नीआल्पला उतरलो आणि मीच गोंधळलो. हिरवंगार कुरण. पिवळी फुलं. लिफ्टचे खांब उभे, पण हँगर काढून ठेवलेले. आणि उतार? उतार कुठे गेला? फेब्रुवारीत जिथून खाली पाहताना माझ्या पोटात खड्डा पडला होता, तिथे आता आमच्या खळ्याच्या बांधापेक्षा जरा जास्त ढाळ होता. गळ्यात हंड्याएवढ्या घंटा बांधलेल्या तपकिरी गाई त्यावर चरत होत्या. एक तर ऐन मधोमध, लिफ्टवरून मी पडलो होतो तिथेच, बसून रवंथ करत होती. बसण्यात तिला काही अडचण आलेली दिसत नव्हती.

‘हाच?’ अण्णा म्हणाले.

‘तेव्हा बर्फ होता ना हो,’ आई म्हणाली. आयांना सगळं आधीच माहीत असतं.

अण्णा काही बोलले नाहीत. हात पाठीमागे बांधून, कानटोपी घालून, शेण चुकवत, सरळ उतरत खाली गेले. मी सहज घड्याळ पाहिलं : चार मिनिटं. त्या दिवशी मला सकाळ पुरली नव्हती. खाली जाऊन त्यांनी एका गाईची कास वाकून पाहिली, विजेच्या कुंपणाला हात लावणार एवढ्यात मी ओरडलो, आणि तितक्याच संथपणे ते वर आले. दमही लागला नव्हता.

‘या जागेला नाव काय रे?’

‘गेर्श्नीआल्प.’

‘ते स्टेशनावर लिहिलंय. या उताराला?’

जर्मन भाषेवर माझा फार विश्वास होता. मी जीभ वळवून, शक्य तितक्या पटकन म्हणालो, ‘इडियोटनह्यूगेल.’

अण्णांनी तो शब्द एकदा मनात आणि एकदा हळू आवाजात म्हणून पाहिला.

‘ह्यूगेल म्हणजे?’

‘टेकडी.’

‘हां,’ अण्णा म्हणाले. पहिल्या अर्ध्या शब्दाचा अर्थ त्यांनी विचारला नाही.

परतीच्या गाडीत अण्णा चष्मा कपाळावर चढवून, एका बोटाने बराच वेळ काहीतरी टाइप करत होते. माझ्या खिशातला फोन थरथरला. ग्रुपवर फोटो : हिरवा उतार, त्यावर बसलेली गाय, कोपऱ्यात बूट पुसणारा मी. खाली अण्णांचं मराठी : ‘चिरंजीवांचे आल्प्स. स्थळ : इडियोटन टेकडी. सोबत गाय.’

मिनिटभरात काकांचं उत्तर आलं. ‘जर्सी का? दूध किती देते?’