सेल्सच्या मुलाखतीत उमेदवारालाही प्रश्न विचारू द्या

पदवी हातात आल्यावर रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यातच राहू इच्छिणाऱ्या मुलामुलींसमोर खासगी क्षेत्रातली जी नोकरी सर्वांत आधी येते, ती बहुधा सेल्सची असते. औषध कंपनीचा एमआर (मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह), खतांच्या कंपनीचा फील्ड ऑफिसर, बँकेचा रिलेशनशिप ऑफिसर, विमा कंपनीचा सेल्स मॅनेजर अशी पदनामे वेगवेगळी असली, तरी काम विक्रीचेच असते. मी स्वतः एमआर म्हणून सुरुवात करून पुढे एरिया मॅनेजर झालो, त्यामुळे मुलाखतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलो आहे. आता चिपळूण, खेड, गुहागर भागातली मुले मुलाखतीला जाण्याआधी आणि जाऊन आल्यावर भेटतात. त्यांचे अनुभव ऐकून माझे मत पक्के झाले आहे की, या मुलाखतींत उमेदवाराची परीक्षा पुष्कळ होते, पण त्याला जे काम करायचे आहे त्याची माहिती जवळजवळ दिली जात नाही, आणि त्याने ती मागितली तर त्याचा उद्धटपणा समजला जातो.

मुलाखत कुठे होते, इथपासूनच सुरुवात करावी लागेल. नोकरी दापोली-मंडणगडची असली, तरी मुलाखत मुंबई, पुणे नाहीतर कोल्हापूरला. उमेदवार रात्रीच्या कोकणकन्येने निघतो, किंवा भर पावसात कुंभार्ली घाटातून एसटीने कराड गाठून पुढे पुण्याला जातो. सकाळी दहाला बोलावलेल्या मुलाला दुपारपर्यंत बसवून ठेवतात आणि दहा मिनिटांत बाहेर पाठवतात. ‘कळवतो’ म्हणतात, पण नकारसुद्धा कळवत नाहीत. प्रवासखर्च बहुतेक ठिकाणी मिळत नाही. हल्ली पहिली फेरी मोबाईलवर व्हिडिओ कॉलने होते ही चांगली गोष्ट आहे. कुडाळ किंवा रत्नागिरीत एका दिवसासाठी हॉटेलची एक खोली घेऊन उरलेल्या फेऱ्या उरकणे कोणत्याही कंपनीला परवडते. साहेबांनाही त्यानिमित्ताने आपला प्रदेश दिसेल.

‘हे पेन मला विकून दाखवा’ हा प्रश्न अजूनही सर्रास विचारला जातो. मुलांनी त्याचे उत्तर इंटरनेटवर पाहून पाठ केलेले असते आणि ते पाठ आहे हे समोरच्यालाही कळते, त्यामुळे त्यातून काहीही सिद्ध होत नाही. मी उमेदवाराला सांगत असे की, बाहेर वीस रुग्ण खोळंबले आहेत, डॉक्टरांनी तुम्हाला दोन मिनिटे दिली आहेत आणि तुमच्या औषधाची तक्रार त्यांनी आधीच केलेली आहे, तर आत जाऊन पहिले वाक्य काय बोलाल? चांगला उमेदवार आधी तक्रार काय आहे ते विचारून घेई. आपल्याकडची मुले कमी बोलतात, स्वतःची तारीफ करायला लाजतात, आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘आक्रमकता कमी’ असे लिहिले जाते. ज्याने सावंतवाडीच्या किंवा राजापूरच्या बाजारपेठेत खरोखर विक्री केली आहे, त्याला माहीत आहे की इथला दुकानदार बोलघेवड्या माणसाला चहा पाजतो आणि ऑर्डर मात्र पुढच्या महिन्यात सांगितल्याप्रमाणे परत येणाऱ्याला देतो.

सर्वांत जास्त चीड येते ती ओळखीच्या माणसांची यादी मागण्याच्या प्रथेची. विमा आणि गुंतवणुकीच्या योजना विकण्याच्या काही नोकऱ्यांत, निवड होण्यापूर्वीच, ‘तुमच्या ओळखीच्या शंभर माणसांची नावे आणि नंबर लिहून द्या’ असे सांगितले जाते. गुहागर तालुक्यातल्या एका मुलीला तर मुंबईत नोकरी करणारे नातेवाईक किती, त्यांत सरकारी किती, असे खोदून विचारण्यात आले. ज्या घरातले निम्मे लोक चाकरमानी आहेत, त्या घरातल्या मुलीकडून हे विचारण्याचा हेतू उघड आहे. काका, मामा, आतेभाऊ यांच्या पॉलिसी होईपर्यंत ती उपयोगाची, आणि यादी संपली की टार्गेट तेवढेच आणि गिऱ्हाईक कोणी नाही. नोकरी सुटते आणि गणपतीत घरी आलेल्या नातेवाइकांसमोर मान खाली घालावी लागते, ती कंपनीला नाही, त्या मुलीला. ही यादी निवडीपूर्वी कोणीही देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलींना ‘लग्न कधी करणार, लग्नानंतर फिरतीची नोकरी कराल का’ असेही विचारतात. दुचाकी चालवता येते का हा प्रश्न योग्य आहे, लग्नाचा नाही.

पगाराबाबत मुले फार लवकर भुलतात, कारण मुलाखतीत बोलले जाते ते सीटीसीच्या, म्हणजे कंपनीला तुमच्यावर होणाऱ्या एकूण खर्चाच्या भाषेत. उदाहरण म्हणून वर्षाला ३ लाख ६० हजार, म्हणजे महिना ३० हजार रुपयांचे पॅकेज घेऊ. त्यातले ६ हजार रुपये टार्गेटवर अवलंबून असलेले इन्सेंटिव्ह आहे असे धरू. मूळ वेतन १२ हजार धरले तर कंपनीचा १२ टक्के भविष्यनिर्वाह निधी १,४४० रुपये आणि ग्रॅच्युइटीसाठीचे ४.८१ टक्के म्हणजे सुमारे ५७७ रुपये याच ३० हजारांत मोजलेले असतात. मग उमेदवाराच्या वाट्याचा निधी १,४४० आणि व्यवसाय कर २०० रुपये वजा होतात. टार्गेट चुकलेल्या महिन्यात हातात साधारण २० हजार ३०० रुपये येतात. ग्रॅच्युइटी कायम कर्मचाऱ्याला एरवी पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळते, आणि सेल्समध्ये इतकी वर्षे एका कंपनीत टिकणारे थोडे. हातात येणाऱ्या पैशांतूनच पेट्रोल घालायचे असेल तर किलोमीटरमागे किती मिळणार, हा प्रश्न पगाराइतकाच महत्त्वाचा ठरतो.

टार्गेटबद्दल विचारल्यावर एका मुलाला उत्तर मिळाले, ‘अजून जॉइन झाला नाहीस आणि टार्गेट विचारतोस?’ टार्गेट हीच सेल्सच्या नोकरीतली मुख्य अट आहे, मग ती जॉइन होण्यापूर्वी नाही तर कधी विचारायची? कोकणात तर हा प्रश्न अधिकच विचारला पाहिजे, कारण इथला पैसा बारा महिने सारखा फिरत नाही. आंब्याचे पैसे एप्रिल-मे महिन्यांत येतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, मालवणपासून हर्णैपर्यंत बंदरांच्या गावांत त्या दोन महिन्यांत उधारी वाढते, आणि पुन्हा बाजार हलतो तो गणपतीच्या तोंडावर. अशा प्रदेशाला जुलैचे आणि मेचे टार्गेट एकच ठरवणारी कंपनी आपल्या माणसाला जुलैत नापास करण्याची तयारी आधीच करून ठेवते. म्हणून आधीचा माणूस का गेला, मागच्या वर्षी या भागाने कोणत्या महिन्यात किती विक्री केली, डीलर किती आहेत आणि त्यांच्याकडे जुनी येणी किती, हे उमेदवाराने शांतपणे आणि नम्रपणे विचारावे. मी मॅनेजर असताना असे प्रश्न विचारणारा उमेदवार मला नेहमी आवडला, कारण काम समजून घेऊन आलेला माणूस पहिल्या तिमाहीत पळून जात नाही.

नियुक्तिपत्राबाबत कोणाचीही भीड धरू नये. एमआरसारख्या विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांसाठी १९७६ मध्ये जो केंद्रीय कायदा झाला त्यात नियुक्तिपत्राची तरतूद होती, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. ‘आधी कामाला लागा, पत्र मागाहून येईल’ असे कोणी म्हटले, तर किमान ईमेलवर पद, मुख्यालय (म्हणजे तुमच्या कामाचे गाव), निश्चित पगार आणि इन्सेंटिव्हची अट लिहून मागावी. मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत, ठेवून येऊ नयेत. प्रशिक्षणाच्या किंवा अनामतीच्या नावाखाली पैसे मागितले, तर तिथून उठून यावे. या आठवड्यात ज्यांच्या मुलाखती आहेत त्यांनी हवे असल्यास मला मेसेज करावा. कंपनीने पाठवलेला पगाराचा तक्ता सोबत पाठवलात, तर हातात नेमके किती येतील ते आपण मिळून काढू.