खाल्ल्या मिठाला जागलेली गाडी

जाहिरातीत चार गोष्टी लिहिल्या होत्या आणि चारही वाचून मी खूश झालो होतो, एवढं लक्षात ठेवा. गाडी कायम गरम गॅरेजमध्ये ठेवलेली. ब्रेक लाइन नव्या. खालून ताजं अंडरकोटिंग, म्हणजे गंज लागू नये म्हणून गाडीच्या पोटाला मारतात तो काळा लेप. मालक एकच, रिटायर्ड, गाडी काढणार ती ग्रोसरी आणि चर्चपुरती. २०१४ ची निळी स्टेशन वॅगन, ८८ हजार मैल, आतल्या सीट अशा की त्यांच्यावर कुणी बसलंय की नाही शंका यावी, आणि किंमत ६,८०० डॉलर. अटलांटात असलीच गाडी साडेनऊ हजाराच्या खाली येत नव्हती, दोन महिने रोज रात्री झोपायच्या आधी मी तेच बघत होतो, बायको म्हणायची लोक रात्री स्तोत्र म्हणतात आणि तू ओडोमीटर वाचतोस. अडचण एकच, गाडी क्लीव्हलँडला होती. म्हटलं असू दे की, सातशे मैल तर आहे, विमानानं जायचं आणि चालवत यायचं.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा मूळचा मिशिगनचा, म्हणजे तिकडच्या बर्फाच्या मुलखातलाच आहे. त्याला मोठ्या हौसेनं फोटो दाखवले. त्यानं भराभर सगळे सरकवले आणि विचारलं, "खालून काढलेले कुठायत?" मी म्हटलं, गाडी खालून कोण बघतं? त्यावर त्यानं माझ्याकडे असं बघितलं की क्षणभर मलाच वाटलं आपण कुठंतरी खालून गंजलोय. मग म्हणाला, तिकडं गाडी वरून नसते घ्यायची, खालून घ्यायची, आणि जाताना फ्रिजवरचं एक लोहचुंबक खिशात टाक, पत्रा असेल तर चिकटेल, लांबी, म्हणजे पुटी, भरून रंगवलं असेल तर पडेल. मला वाटलं, जळतोय. पण चुंबक घेतलं. बदकाच्या आकाराचं होतं.

मार्चमध्ये गेलो. आणि तिकीट वन वे काढलं होतं, हा त्यातला खरा मूर्खपणा. वन वे तिकीट काढून गाडी "बघायला" जाणं म्हणजे अंतरपाट धरल्यावर मुलगी बघायला जाणं. एअरपोर्टच्या बाहेर आलो तर रस्ते पांढरे. मला वाटलं बर्फ, पण बर्फ कडेला ढिगात काळा पडला होता, रस्त्यावर जे होतं ते बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ होतं. गाड्या पांढऱ्या, फुटपाथ पांढरे, टॅक्सीच्या दाराला टेकलो तर जॅकेटवर पांढरा पट्टा. एका रस्त्यावर तर वहीसारख्या सरळ रेघा मारलेल्या, ड्रायव्हर म्हणाला वादळ येणार असलं की आदल्या दिवशीच मिठाचं पाणी मारून ठेवतात. या देशात वर्षाला दोन कोटी टनांच्या आसपास मीठ नुसतं रस्त्यांवर पडतं म्हणे. आणि क्लीव्हलँडवाल्यांना ते लांबून आणायलाही नको, तिथं ईरी तलावाच्या खाली, सुमारे १,८०० फुटांवर, मिठाची खाणच आहे. हे मला गाडीमालकानं सांगितलं, गावातलं देवस्थान सांगावं इतक्या अभिमानानं.

म्हातारा लबाड नव्हता हे आधीच सांगून ठेवतो. मी जे विचारलं त्याचं त्यानं खरं उत्तर दिलं. मला विचारायचं काय तेच कळत नव्हतं, त्याला तो काय करणार. मी विचारलं, नऊ वर्षांच्या गाडीला ब्रेक लाइन नव्या का टाकल्या? तो म्हणाला, "जुन्या फुटल्या." वायपर बदलले म्हणताना जो आवाज लागतो त्या आवाजात. आणि मी मनात म्हटलं, बघा, किती जपणारा माणूस! ब्रेकचं तेल वाहणारी लोखंडी नळी आपोआप फुटली तर गाडीच्या बाकीच्या लोखंडाचं काय झालं असेल, हा पुढचा प्रश्न एखाद्या सहावीतल्या मुलालाही पडला असता.

मग मी चुंबक काढलं. बॉनेटवर लावलं. बदक घसरून खाली पडलं. परत लावलं, परत पडलं. मी दोन पावलं मागे सरकलो, घसा साफ केला आणि अतिशय गंभीरपणे म्हणालो की सर, ही गाडी ठोकलेली आहे, बॉनेटला लांबी भरलेली आहे. म्हाताऱ्यानं माझ्याकडे, मग बदकाकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "बॉनेट अॅल्युमिनियमचं आहे, बडी."

त्यानंतर चुंबक जे खिशात गेलं ते बाहेर आलंच नाही. शरमेनं. मागच्या चाकाच्या वरची कमान, जिथं चाक सगळं मीठपाणी उडवत असतं आणि जिथं ते बदक लावायला मी सातशे मैल आलो होतो, तिथं मी नुसता हात फिरवून "छान" म्हणालो.

तरी पण खालून बघायचं ठरलं होतं, म्हणून त्याच्याकडून एक पुठ्ठा मागून घेतला आणि ड्राइव्हवेवर आडवा झालो. पुठ्ठा दोन मिनिटांत ओला, मग जॅकेट, मग मी. मोबाइलचा टॉर्च लावला. वर सगळं काळं. एकसारखं, मॅट, इकडून तिकडे काळंभोर, कुठं डाग नाही की गंज नाही, इतकं नीटनेटकं की मला आमचं स्वैपाकघर आठवून लाज वाटली. एवढ्यात डोळ्यात काहीतरी पडलं. खपलीसारखं. म्हातारा वरून म्हणाला, "थोडा सरफेस रस्ट असतोच." म्हणजे वरवरचा गंज. त्या भागात हा शब्द फार उपयोगी आहे, आरपार बोट जाईपर्यंत सगळा सरफेस रस्टच असतो. तिथला एक मेकॅनिक दीडशे डॉलरमध्ये गाडी लिफ्टवर घेऊन तपासून द्यायला तयार होता. मी म्हटलं, मी स्वतः खाली जाऊन आलोय, आता दीडशे कशाला घालवा.

पैसे दिले, किल्ली घेतली, निघालो. कोलंबस, सिनसिनाटी, केंटकी, गाडी लोण्यासारखी. नॉक्सव्हिलच्या पुढं खालून पत्रा वाजायला लागला, खळ्ळ खळ्ळ खळ्ळ. मी रेडिओ मोठा केला.

आईचा फोन आला तेव्हा मी चॅटनूगाला कॉफी पीत होतो. म्हणाली, नवीन गाडी घेतलीयस, घरी गेलास की मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढ. मी हो म्हटलं. आठवड्यानंतर हाच सल्ला तिनं परत दिला तेव्हा मी म्हणालो, आई, मोहऱ्या कितीही ओवाळतो, मिठाचं नाव काढू नकोस.

कारण मधल्या काळात गाडी लिफ्टवर गेली होती. आवाज येतोय म्हणून आमच्या इथल्या गॅरेजवाल्याकडे दिली, गाडी वर चढली, तो खाली उभा राहिला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग त्यानं हाक मारून दुसऱ्याला बोलावलं. दुसऱ्यानं तिसऱ्याला. तिसऱ्यानं फोटो काढला. जॉर्जियात बर्फ पडलाच तर वर्षात एखादा दिवस, शाळा बंद, विषय संपला, त्यामुळं या पोरांनी असलं लोखंड बघितलेलंच नव्हतं. एकानं अगदी आदरानं विचारलं, "सर, ही समुद्रातून काढली का?"

मोठ्या मेकॅनिकनं स्क्रूड्रायव्हर घेतला आणि त्याच्या मुठीनं दारांच्या खालची लांब पेटी, म्हणजे रॉकर पॅनेल, ठोकत निघाला. टण. टण. टण. थप्प. थप्प झालं तिथं थांबला, स्क्रूड्रायव्हर उलटा केला आणि टोकानं जरासं दाबलं, तर तो मुठीपर्यंत आत. पापडात गेल्यासारखा. बाहेर काढला तर त्या भोकातून तपकिरी पाण्याची धार लागली, चांगली मिनिटभर. त्या पेटीला खाली पाणी निथळायला बारीक भोकं असतात, अंडरकोटिंग मारणाऱ्यानं मन लावून तीही बुजवली होती, त्यामुळं क्लीव्हलँडचा हिवाळा मी जसाच्या तसा अटलांटाला घेऊन आलो होतो. मेकॅनिक म्हणाला, चाखून बघायचंय?

मग त्यानं मला जाहिरात परत समजावून सांगितली, एकेक ओळ. ताजं अंडरकोटिंग गंजावर मारलं की गंज जात नाही, त्याला फक्त प्रायव्हसी मिळते, आत ओल कोंडते आणि तो निवांत काम करत बसतो. ज्यांना खरंच जपायचं असतं ते दर वर्षी थंडीच्या आधी तेल नाहीतर लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं मेण, फवारतात, ते सुकत नाही, सांध्यासांध्यात शिरतं. आणि गरम गॅरेज? हे ऐकताना मी खाली बसलो. बाहेर कडाक्याच्या थंडीत गंजायचं काम मुंगीच्या पावलानं चालतं, पण गाडी उबेत आणली की खाली चिकटलेला खारट बर्फ वितळतो, ते पाणी फटीफटीत मुरतं आणि उबेनं लोखंडाला आणखी चेव येतो. त्यात फार थंडी पडली, पारा उणे नऊ-दहाच्या खाली गेला की साधं मीठ नीट काम करत नाही, मग कॅल्शियम क्लोराइड मिसळतात, आणि ते तर हवेतली ओल ओढून स्वतःला ओलंच ठेवतं. म्हणजे त्या सज्जन माणसानं नऊ हिवाळे रोज संध्याकाळी गाडीला प्रेमानं कोमट मिठाच्या पाण्याचा शेक दिला होता. गाडीनंही नऊ हिवाळे जे मीठ खाल्लं त्याला ती पुरेपूर जागली. त्यापेक्षा बिचारीला अंगणात कुडकुडत ठेवली असती तरी चाललं असतं!

शेवटी मेकॅनिकनं विचारलं, चुंबक वगैरे लावलं होतं का? मी खिशातून बदक काढून दिलं. त्यानं ते मागच्या कमानीवर ठेवलं. पडलं.

खळखळ वाजत होती ती एक्झॉस्टवरची हीट शील्ड, म्हणजे उष्णता अडवणारा पत्रा. चार बोल्टचं काम, वीस मिनिटं. बोल्टची डोकी गंजून षटकोनाची गोळी झालेली, पाना लागेना. तेल सोडलं, रात्रभर ठेवलं, सकाळी गॅसची ज्योत मारून लाल केले, तर दोन निघाले आणि दोन डोकं पान्यात ठेवून धड तिथंच सोडून गेले. वीस मिनिटांचे साडेतीन तास झाले आणि बिलावर त्यानं कारण लिहिलं होतं, एकच शब्द, "ओहायो".

रॉकर कापून नवा पत्रा वेल्ड करायचे एकोणीसशे. वाचवलेले सत्तावीसशे, वजा विमान, वजा बोल्ट, वजा एकोणीसशे, वजा ते न दिलेले दीडशे जे बायको दर वेळी हिशेबात धरतेच. तिनं एक्सेल शीट केलंय. मी ते उघडलेलं नाही. जॉर्जियात टेस्ट होते ती धुराची, गंज तपासायला कुणी येत नाही, त्यामुळं कागदोपत्री गाडी ठणठणीत आहे. गेल्या महिन्यात मात्र कंपनीचं रिकॉलचं पत्र आलं, सस्पेन्शनचा एक पार्ट गंजून तुटू शकतो, फुकट बदलून देतो, पण फक्त सॉल्ट बेल्ट, म्हणजे रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या, राज्यांत विकलेल्या किंवा कधीतरी तिथं रजिस्टर झालेल्या गाड्यांना. खाली वीसेक राज्यांची यादी, त्यात ओहायो. मी ते पत्र फ्रिजवर लावलं, बदकाखाली. तिथं तरी ते चिकटतं.

गाडी छान चालते, हे खोटं नाही. रोज रात्री उभी केली की सकाळी खाली ड्राइव्हवेवर तपकिरी खपल्यांचा सडा पडलेला असतो, तो मी झाडून घेतो. आत आलो की बायको पेपरातून मान वर न करता विचारते, आज किती?

आज पाव वाटी.